ड्राइव्हवेतली सहल

विश्वनाथ उकिडवे पोटापाण्यासाठी गोष्टी मोडून बघत असे. म्हणजे ऑकलंडच्या एका आयटी कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी खपून बनवलेलं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे यायचं आणि हा शांतपणे त्यातली एकेक गोष्ट काढून घेऊन बघायचा. नेट बंद केलं तर? नावाच्या जागी नुसतं टिंब टाकलं तर? बटण घाईघाईनं दोनदा दाबलं तर? काहीतरी कोसळलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. अशा माणसाशी मैत्री करणं सोपं नसतं. पण अवोन्डेल उपनगराच्या आसपास राहणाऱ्या दोन मराठी कुटुंबांनी ती केली होती, आणि आपण काही मोठं केलंय असं त्यांना वाटतही नव्हतं.

वय सेहेचाळीस, मूळचा पुण्याचा, लग्न झालेलं नाही. का झालं नाही ते त्याच्या मावश्यांना विचारा. प्रत्येकीकडे वेगळं कारण आहे आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. स्वभावानं अबोल. पंगतीत बसला तर मीठसुद्धा मागणार नाही, अळणी खाऊन उठेल.

चार वर्षांपूर्वी या माणसानं आठ सीटची एक जुनी गाडी घेतली. न्यूझीलंडच्या रस्त्यांवर जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्यांचं राज्य आहे, त्यातलीच ती एक. मात्र आपण जपान सोडलंय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या पडद्यावर कायम जपानचाच नकाशा. मंडळी पिहाच्या किनाऱ्याकडे निघाली की पडद्यावरची गाडी तिकडच्या कुठल्याशा गावात भाताच्या खाचरातून चालू लागे. चावी फिरवली की एक बाई अतिशय अदबीनं जपानीत काहीतरी सांगायची. काय सांगायची ते कुणालाच कळलं नाही. मंदाकाकू तेवढ्या न चुकता तिला उत्तर द्यायच्या, "हो गं बाई, निघालोच."

मंदाकाकू म्हणजे नितीशची आई. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून सगळ्यांच्या काकू झाल्या होत्या. नितीश बँकेत, त्याची बायको श्रुती शाळेत शिकवायची. दुसरं कुटुंब संग्राम आणि विनयाचं. विनया हॉस्पिटलात फार्मसिस्ट. संग्राम पूल बांधणारा इंजिनिअर, कोल्हापूरचा, आणि पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं अशी त्याची पक्की समजूत. त्यांची मुलगी श्रिया नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. ही सहा आणि विश्वनाथ सातवा, अशी ही वरात दर शनिवारी कुठे ना कुठे निघायची. परदेशात शनिवार मोकळा ठेवला की तो अंगावर येतो, हे या सगळ्यांना पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो दसऱ्याला.

त्या वर्षी विश्वनाथचा वाढदिवस नेमका दसऱ्याला आला. मंडळी त्याच्या घरी जमली. मंदाकाकूंनी तबक तयार केलं, निरांजन लावलं. विश्वनाथ इस्त्रीचा कुर्ता घालून पाटावर बसला, डोक्यावर टोपी ठेवली आणि औक्षणाची वाट बघू लागला. काकू तबक घेऊन त्याच्यासमोरून सरळ बाहेर गेल्या. दसऱ्याला वाहनाची पूजा आधी, म्हणाल्या. सगळे त्यांच्या मागोमाग गेले. गाडीला हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, गाडीला ओवाळलं आणि फोटो निघाले. विश्वनाथ आत पाटावर एकटाच बसून होता. नंतर काकू आल्या तेव्हा निरांजनातलं तूप संपत आलं होतं.

मग केक आला. केकचा आकार गाडीचा. श्रुतीनं दोन रात्री खपून केला होता, चाकं चॉकलेटची, काचांना निळं आयसिंग. मेणबत्त्या टपावर लावल्या होत्या. विश्वनाथनं सुरी फिरवली, टाळ्या झाल्या, आणि वाटणी होता होता त्याच्या बशीत मागचा बंपर आला.

त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. मग त्याला एकेक आठवू लागलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचं नाव काय, तर 'विश्वाची गाडी'. ग्रुपवरचा फोटो कुणाचा, तर गाडीचा. मागच्या महिन्यात पिहाला संग्राम फोनवर कुणाला तरी म्हणाला होता, "येतो की लेका, विश्वाची गाडी आहे ना!" विश्वा आहे ना, असं नव्हता म्हणाला. बशीतला बंपर खाताना विश्वनाथला वाटलं, आपण या लोकांचे कोण? मित्र, की गाडीबरोबर आलेला ड्रायव्हर?

दुसऱ्या कुणी असतं तर सरळ विचारलं असतं, किंवा चार दिवस कुढून विसरलं असतं. विश्वनाथला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. त्याला एकच येत होतं. गाडी काढून घेतली तर मैत्री चालते का, हे बघायचं.

लेबर वीकेंडच्या जोडसुट्टीत शनिवारी समुद्रकाठच्या टौरंगाला जायचं ठरलं होतं. त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला : "गाडी बंद पडली. गिअरबॉक्स गेला. शनिवारी जमणार नाही." आणि कामावर लावतो तसा अंदाज बांधून बसला. एक, ते दोन गाड्या काढून आपल्याला न घेता जातील. मग सगळं स्पष्ट होईल. दोन, ते दोन गाड्या काढून आपल्यालाही बोलावतील, तेही स्पष्ट. तीन, बेत रद्द करतील. मग पुढच्या शनिवारी पुन्हा बघू. चौथी शक्यता त्याला सुचली नाही. सुचण्यासारखी नव्हतीच ती.

ग्रुपवर फक्त अंगठे आले. 'अरेरे' नाही, 'काय झालं' नाही, नुसते पिवळे अंगठे.  शुक्रवारी संध्याकाळी तो त्याच गाडीतून कोपऱ्यावरच्या डेअरीवर दूध आणायला गेला आणि परत येऊन न जेवताच अंथरुणावर पडला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दार उघडतो तो बाहेर सगळे उभे. संग्रामच्या हातात कूलबॉक्स, नितीशच्या खांद्यावर घडीच्या खुर्च्या, श्रिया जॅंडल्स, म्हणजे स्लिपर, घालून, पोहायच्या टॉग्जची पिशवी काखेत. मंदाकाकू नऊवारीवर पांढरे बूट घालून. विनया आणि श्रुतीकडे डब्यांच्या पिशव्या. वरून पावसाची भुरभुर चालू.

"निघायचं ना?" विनया म्हणाली.

"अगं, गाडी बंद आहे. मेसेज टाकला होता मी."

"वाचला की. दार उघड."

"उघडलंय ना दार."

"घराचं नाही रे, गाडीचं."

विश्वनाथला काही समजेना. पण नाही म्हणायची सवय नसल्यामुळे त्यानं चावी आणली. आणि मंडळी आपापल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसली. मंदाकाकू ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी, कारण त्यांना गाडी लागते. नितीश-श्रुती शेवटच्या रांगेत. विनया पुढे.

"पण जाणार कुठे?" विश्वनाथनं खिडकीतून विचारलं.

"टौरंगाला," नितीश म्हणाला. "ठरलंय ना?"

"पण गाडी चालत नाही!"

त्यावर श्रुतीनं जे उत्तर दिलं ते फक्त मराठी माणूसच देऊ शकतो. "दशम्या केल्यात, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्यात, दहीभात कालवलाय. आता हे काय घरी टेबलावर बसून खायचं? प्रवासाचं जेवण आहे हे."  विश्वनाथलाही ते पटलं, हे विशेष. तो मुकाट्यानं ड्रायव्हरच्या जागी बसला आणि सवयीनं त्यानं सीटबेल्टसुद्धा लावला.

एवढ्यात संग्राम उतरला. "बघू तरी काय झालंय," म्हणत त्यानं बाह्या वर केल्या.

विश्वनाथच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, पाऊस आहे. मेकॅनिक येणार आहे मंगळवारी."

"मेकॅनिक काय करणार? लुटणार नुसता. बॉनेट उघड."

संग्राम अर्धा तास गाडीच्या पोटात वाकून होता. कधी 'हं' म्हणायचा, कधी 'असं आहे होय' म्हणायचा. धडधाकट गाडीत दुखणं शोधायचं म्हणजे खायचं काम नाही. पण संग्राम चिकाटीचा. शेवटी एक काळं नळकांडं आणि दोन नट हातात घेऊन तो खिडकीशी आला. "हे बघ. इथे घोळ होता. बसवतो नीट." त्यानं नळकांडं बसवलं. एक नट मात्र हातातच उरला. तो त्यानं विश्वनाथच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा जास्तीचा आहे. मार स्टार्टर."

विश्वनाथनं चावी फिरवली. टक् असा आवाज झाला आणि सगळं शांत. पडद्यावरचं जपान उजळलंच नाही. ती बाईसुद्धा बोलली नाही.

"गेली वाटतं बिचारी," मंदाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

गाडी आता खरोखरच बंद पडली होती. विश्वनाथ हातातल्या नटाकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा रचून खोटं बोललो आणि संग्रामनं दोस्तीखातर ते खरं करून दिलं.

"चला, निघू या," विनया म्हणाली, आणि सहल निघाली.

म्हणजे कुठे निघाली नाही, पण तसं म्हणायचं फक्त. भेंड्या सुरू झाल्या. श्रियानं बेल्ट काढला म्हणून विनया ओरडली. "मम, वी आर नॉट ईव्हन मूव्हिंग!" श्रिया म्हणाली, तर तिला उत्तर मिळालं की पोलिसांनी पकडलं तर मी सोडवायला येणार नाही. मंदाकाकूंनी गाडी लागू नये म्हणून गोळी घेतली, तोंडात आवळासुपारी टाकली, आणि तरी थोड्या वेळानं त्यांना मळमळू लागलं. "वळणं फार आहेत का रे या रस्त्याला?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. विश्वनाथ नकळत म्हणाला, "सावकाश घेतो, काकू."

मग नितीश ओरडला, "बॉम्बे आलं!" ऑकलंडहून दक्षिणेला निघालं की बॉम्बे नावाचं गाव लागतं, आणि तिथे पोचल्यावर आपण मुंबईला जाऊन आलो असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, हे इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं. आजही कुणीतरी म्हणालं, आज जास्तच हसले. मग सगळ्यांना बाथरूमला जायचं झालं. एकेक जण उतरून विश्वनाथच्या घरात जाऊन आला. श्रुती परत येऊन म्हणाली, "स्वच्छ होतं हं इथलं." मग लेटरबॉक्सजवळ उभं राहून ग्रुप फोटो झाला.

शेजारचा ग्रॅहम कुंपणापलीकडून हे बघत होता. निवृत्त माणूस, हातात कॉफीचा मग. "किया ओरा," त्यानं माओरीत नमस्कार केला. "कुठे चाललात?"

"टौरंगा," संग्राम म्हणाला.

"स्वीट अ‍ॅज," ग्रॅहम म्हणाला, म्हणजे झकास. थोडा वेळ तो घुटमळला. मग त्यानं विचारलं, "एखादी सीट रिकामी आहे का?" आठवी सीट रिकामी होतीच. तो मगासकट आत येऊन बसला, बेल्ट लावला आणि आपल्या बहिणीचा टौरंगाला किवीफ्रूटची बाग आहे, आपण बऱ्याच दिवसांत तिकडे गेलेलो नाही, असं सांगू लागला.

विश्वनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या गराजच्या दाराकडे बघत होता. सुरुवातीला त्याला बरं वाटलं होतं. आले, सगळे आले. पण मग त्याच्या डोक्यातला टेस्टर जागा झाला. आले, पण येऊन बसले कुठे? गाडीतच! माझ्या घरात सोफा आहे, टेबल आहे, पंखा आहे. गाडी चालत नाही तरी यांना गाडीच हवी. आणि गाडी माझ्याच दारात म्हणजे मी आणि गाडी अजून एकत्रच. मग यातून कळलं काय? कप्पाळ!

उरला एकच मार्ग. गाडी ठेवायची आणि स्वतःला काढून घ्यायचं.

"चहा घेऊन येतो," असं म्हणून तो घरात गेला, आणि चहा न टाकता स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिला. खिडकीतून गाडी दिसत होती. काचांवर वाफ धरली होती आणि आतून भेंड्यांचे आवाज येत होते. ग्रॅहम टाळ्या वाजवत होता. विश्वनाथ नसल्यानं काहीही कोसळलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन, इतकी वर्षं राहून, आपल्याकडे माणसं म्हणून जी होती ती एका जुन्या गाडीची होती, असं त्याला वाटलं. स्टुलावर बसल्या बसल्या त्याला आईची आठवण आली.

बाहेर हॉर्न वाजवायचा प्रयत्न झाला असावा, पण बॅटरी मेलेली. मग विनयाच आत आली.

"चहा कुठाय? आणि तू असा का बसलायस?"

आणि सेहेचाळीस वर्षांत मीठ न मागितलेल्या माणसाच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. दसऱ्याचं औक्षण, बंपर, ग्रुपचं नाव, संग्रामचा फोन. "गाडीला काही झालं नव्हतं. खोटं बोललो मी. मला बघायचं होतं की तुम्हाला मी हवाय की गाडी."

"गाडीला काही झालं नव्हतं ते माहितीये," विनया म्हणाली. "काल श्रुतीनं तुला डेअरीवर बघितलं. दूध घेऊन गाडीत बसताना."

"मग? तरी आलात?"

"तू कधी कुठल्या शनिवारी नाही म्हटलंयस? अंगात ताप होता तेव्हासुद्धा गाडी घेऊन आला होतास. असा माणूस खोटं बोलून घरी बसतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. फोनवर विचारलं असतं तर म्हणाला असतास, काही नाही. म्हणून डबे केले आणि आलो."

"संग्रामला पण माहीत होतं?"

"त्याला नाही सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही."

 विनयानं खिडकीतून बाहेर बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आता विषय निघालाच आहे तर सांगते. नितीशकडे मार्चपासून सात सीटची नवी गाडी आहे."

"कुठे? मी नाही बघितली."

"कशी बघशील? तू आलास की गराजचं दार लावून घेतात. चादर टाकून ठेवलीय वर. अरे, तुझ्या गाडीत एसी नाही, मधल्या सीटची स्प्रिंग वर आलीय, काकूंना ओकारी येते. पण तू गाडी चालवायला बसलास की एवढा खुश दिसतोस! एरवी तुझ्या चेहऱ्यावर काही दिसतंय का? आम्ही म्हटलं, त्याची हौस आहे, नवी गाडी दाखवली तर हिरमुसेल. काकूंनी तर मुद्दाम तुझ्या वाढदिवसाला गाडीची पूजा केली. तुझा जीव की प्राण म्हणून!"

"माझा?" विश्वनाथ स्टुलावरून उठला. "मला ती अजिबात आवडत नाही. टेम्पो आहे तो! कंबर जाते माझी दर शनिवारी. रविवारभर शेकत बसतो."

"मग घेतलीस कशाला?"

"तुम्हाला सगळ्यांना एकत्र जाता यावं म्हणून!"

 मग दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. चार वर्षं ही माणसं एकमेकांच्या भिडेखातर जिच्यात स्वतःला कोंबून घेऊन फिरली, ती गाडी पावसात उभी होती. विनयाला हसू फुटलं. तिला ते आवरेना, ओटा धरून ती हसली. विश्वनाथही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलं नाही. त्याला इतकं बरं वाटत होतं की काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं चहा टाकला.

चहाचा ट्रे घेऊन ते परत आले तेव्हा नितीशची नवी गाडी काढून अजूनही टौरंगाला जाता आलं असतं. पण मंदाकाकू गोळीमुळे झोपल्या होत्या, ग्रॅहमला उतर म्हणणं बरं दिसलं नसतं, आणि डबा अजून कुणीच उघडलेला नव्हता. विश्वा आल्यावर खाऊ, असं ठरलं होतं म्हणे. आपण काही विशेष ठरवतोय असं ठरवताना कुणाला वाटलंही नव्हतं.

"तू मागे बस," श्रुती म्हणाली. "कंबर धरून का चालतोयस? नितीश, तू पुढे हो."

नितीश ड्रायव्हरच्या जागी गेला. श्रिया मागच्या रांगेत सरकली आणि विश्वनाथ मधल्या रांगेत, संग्राम आणि मंदाकाकूंच्या मध्ये बसला. ती स्प्रिंग खरंच वर आलेली होती. पुऱ्या फिरल्या, चटणी फिरली. ग्रॅहमनं दशमी गुंडाळून दहीभातात बुडवली आणि कुणीही त्याला अडवलं नाही. या गाडीत बसून गरम चहा पिता येतो हे विश्वनाथला माहीत नव्हतं; त्याला नेहमी सिग्नलला कुणीतरी घास भरवायचं आणि चहा उतरल्यावर गार मिळायचा. टपावर पावसाचा आवाज चालला होता. शुक्रवारची रात्र त्यानं जागून काढली होती. संग्राम त्याला एका पुलाची हकिगत सांगत होता, ती ऐकता ऐकता त्याची मान कलली आणि संग्रामच्या खांद्यावर टेकली.

जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता. भेंड्या बंद होत्या. सगळे कुजबुजत बोलत होते.

"मम, कॅन वी गो होम नाऊ?" श्रिया म्हणत होती.

"हळू बोल. काका झोपलेत."

"अगं, माझा हात बधिर झालाय पार," संग्रामचा आवाज आला.

"होऊ दे. हलवू नकोस," विनया म्हणाली.

संग्रामनं हात हलवला नाही. विश्वनाथ पूर्ण जागा होता. त्यानं डोळे उघडले नाहीत.